जलसूत्राच्या वाटेवर कॅमेरा

रिवाजाप्रमाणे २८ जानेवारीला मेट्टूर धरणाचे पाणी बंद होते आणि कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातले पाट आटू लागतात. १२ जूनला कुरुवै भाताच्या हंगामासाठी ते पुन्हा सोडायचे असते. धरणात साठा कमी असेल तर तारीख पुढे जाते. मधल्या चार-साडेचार महिन्यांत तंजावर जिल्ह्यातली तळी, कालवे आणि मोऱ्या उघड्या पडतात. एरवी पाण्याखाली बुडालेली दगडी तोंडे दिसू लागतात. भिंतीतला कोनाडा वाटावा असा चौकोन म्हणजे एखाद्या लांब बोगद्याचे दार आहे, हे तेव्हा ध्यानात येते. जमिनीखालच्या पाणवाटा पाहायच्या आणि त्यांची छायाचित्रे काढायची, तर याच दिवसांत.

तंजावरात अशा दारांविषयी विचारले की 'सुरंगम्'ची गोष्ट ऐकायला मिळते. राजवाड्यातून मोठ्या देवळापर्यंत, म्हणजे बृहदीश्वर मंदिरापर्यंत, भुयार होते, शत्रू आला की राजघराणे त्यातून निसटत असे, वगैरे. महाराष्ट्रातल्या वाड्यांबद्दल आणि गढ्यांबद्दलही हीच गोष्ट सांगतात, फक्त गावांची नावे बदलतात. चोरवाटा कुठेच नव्हत्या असे नाही. पण शहराखालून गेलेल्या जुन्या बांधीव पोकळीचा उतार तपासला, ती कुठल्या तळ्यापाशी सुरू होते आणि कुठल्या तळ्यात उतरते हे पाहिले, तर पुष्कळदा उत्तर एकच निघते: ही वाट पाण्याची होती. राजाच्या पलायनाच्या कथेत एका रात्रीचा थरार असेल. पाण्याच्या वाटेत शेकडो पावसाळ्यांचा हिशोब आहे आणि तो सबंध शहराचा आहे.

तंजावर वसले आहे ते त्रिभुज प्रदेशाच्या माथ्यावर, सपाटी आणि माळ यांच्या सीमेवर. उत्तरेला वडवार आणि वेण्णार या कावेरीच्या शाखा वाहतात. तिथून थेट समुद्रापर्यंत भातखाचरे. नैर्ऋत्येला मात्र वल्लमचा माळ आहे, तांबड्या मुरमाचा आणि बराच उंच. नदीचे पाणी आपणहून या बाजूला चढत नाही. म्हणून जुन्या शहराने नदीऐवजी माळाकडे पाहिले. ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत ईशान्य मोसमी पाऊस माळावर कोसळतो आणि त्याचा लोंढा शहराकडे धावतो. हा लोंढा अडवला नाही तर पूर, अडवला तर वर्षभराचे पाणी.

तंजावरचा पहिला नायक राजा सेवप्पा याची कारकीर्द १५३२ मध्ये सुरू झाली. शहराच्या वरच्या अंगाला ज्या तलावात हे पावसाचे पाणी साठत असे, त्याला आजही त्याचेच नाव आहे: सेवप्पनायकन वारी. तलावात पाणी थांबे, गढूळपणा तळाशी बसे आणि वरचे निवळलेले पाणी जमिनीखालच्या बांधीव नळाने बृहदीश्वर मंदिराला लागून असलेल्या शिवगंगा तळ्यात येई. तिथून आणखी एक वाट अय्यनकुळमकडे, तशाच इतर वाटा राजवाड्याच्या बाजूच्या तळ्यांकडे आणि विहिरींकडे जात. या साऱ्या जाळ्याला तंजावरचे लोक 'जलसूत्रम्' म्हणतात.

यात पंप नाही आणि रहाटही नाही. माळापासून राजवाड्यापर्यंतचा मंद उतार हेच सगळे यंत्र. उतार जास्त झाला तर पाणी वेगाने धावून चुना खरवडते, कमी झाला तर गाळ मध्येच बसतो आणि नळ तुंबतो. तो नेमका साधणारे गवंडी कोण होते, हे आज कुणाला सांगता येणार नाही. त्यांच्या कौशल्याची कल्पना मात्र दुसऱ्या तळ्यात पाणी पोचते की नाही यावरून येते. नळ जमिनीखालून नेण्याची कारणेही साधी आहेत. उघड्या पाटाचे पाणी उन्हाने आटते, त्यात गुरे उतरतात, कचरा पडतो. शहर वाढले की घरांसाठी पाटाची जागा खाल्ली जाते. जमिनीखालचा नळ या सगळ्यातून वाचतो. त्याचा तोटा एवढाच की तो दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते दोन पिढ्यांत विसरले जाते.

मराठी वाचकाला या गोष्टीत विशेष रस वाटावा असे एक पान पुढे येते. १६७५च्या सुमारास शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी तंजावर घेतले आणि भोसल्यांचे राज्य तिथे १८५५ पर्यंत टिकले. त्यातले दुसरे सरफोजी (१७७७–१८३२) गादीवर आले १७९८ मध्ये. पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि राजांच्या हाती किल्ला व त्याभोवतीचा थोडा मुलूख उरला. सरफोजींचे नाव निघाले की सरस्वती महाल ग्रंथालय, धन्वंतरी महाल, देवनागरी छापखाना यांची आठवण निघते. त्यांच्या नगररचनेची आठवण क्वचितच निघते. त्यांच्या चरित्रांत मात्र स्पष्ट नोंद आहे की त्यांनी दहा तळी बांधली, लोकांसाठी विहिरी खोदल्या आणि शहरासाठी जमिनीखालून सांडपाणी वाहून नेण्याची व्यवस्था केली. लंडनमधल्या, अभियंता बॅझलजेटच्या गटारांचे काम १८५९ मध्ये सुरू झाले, तेव्हा सरफोजींना जाऊन सत्तावीस वर्षे झाली होती. दोन्ही कामांच्या आकारमानात तुलना नाही, हे मान्य करूनही ही तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे.

याच दरबाराने कागद जपले. सरस्वती महालात मोडी लिपीतले हजारो कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. त्यांत खर्चाचे हिशोब आहेत, छत्रांच्या, म्हणजे प्रवाशांसाठीच्या धर्मशाळांच्या, दानाच्या नोंदी आहेत, पत्रव्यवहार आहे. अभ्यासक ते वाचतात, त्यांची भाषांतरे होतात, लिपी शिकवण्याचे वर्ग भरतात. त्याच राज्यकर्त्यांनी वापरलेल्या, दुरुस्त केलेल्या आणि वाढवलेल्या पाणवाटांच्या वाट्याला यातले काही आले नाही. त्यांच्यावर रस्ते झाले, घरे झाली, शौचालयांचे नळ जोडले गेले. सेवप्पनायकन वारीच्या भागात वस्ती उभी राहिली. मोडी रुमाल हा दस्तऐवज आहे तर विटांची मोरीही दस्तऐवजच आहे, आणि तिची नक्कल करून ठेवण्याचा सर्वांत सोपा मार्ग कॅमेरा हाच आहे.

गेल्या काही वर्षांत हे जाळे पुन्हा चर्चेत आले. सप्टेंबर २०१६ मध्ये तंजावरची निवड स्मार्ट सिटी योजनेत झाली आणि शहरातल्या जुन्या तळ्यांचे पुनरुज्जीवन हाती घेण्यात आले. अय्यनकुळम आणि सामंतन कुळम ही त्यांतली महत्त्वाची दोन. अय्यनकुळम मेल वीथीवर, म्हणजे जुन्या शहराच्या पश्चिम राजरस्त्यावर आहे, आणि वर्षानुवर्षे त्यात पाणी येत नव्हते. तळे साफ करताना शिवगंगेकडून येणाऱ्या जमिनीखालच्या वाटेचा माग लागला, ती मोकळी केली गेली आणि तळ्यात पुन्हा पाणी आले. नवी जलवाहिनी घालण्यापेक्षा जुनी शोधावी, असे एखाद्या महानगरपालिकेला वाटणे ही मोठी गोष्ट आहे. पण अशा कामात उघडी पडलेली मोरी पुढच्या पावसाआधी बंद करावीच लागते. त्या मोजक्या दिवसांत तिचे नीट चित्रण झाले नाही, तर ती पुन्हा नकाशाबाहेर जाते.

अंधारातल्या चित्रणाचा इतिहास तसा फार जुना आहे, आणि उजेडातल्या चित्रणात तर तंजावर अगदी आघाडीवर आहे. मद्रास सरकारचा छायाचित्रकार कॅप्टन लिनिअस ट्राइप १८५८ मध्ये तंजावरात होता. बृहदीश्वर मंदिराच्या जोत्यावर चारी बाजूंनी कोरलेले लेख त्याने तुकड्यातुकड्याने टिपले आणि एकवीस छापे एकमेकांना जोडून सुमारे एकोणीस फूट लांबीचे एकच सलग चित्र केले. देखाव्यासाठी केलेले हे काम नव्हते. दगडावरचा मजकूर विद्वानांना दूर बसून वाचता यावा, हा हेतू होता. राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलेल्या या मंदिराच्या लेखांमध्ये दान दिलेल्या गावांच्या याद्या आहेत, आणि त्यांत गावठाण, तळी, स्मशान यांच्याबरोबरच गावातून जाणारे पाट करातून वगळल्याचे लिहिले आहे. एक हजार वर्षांपूर्वीच्या महसुली कारभाराला पाट किती जागा अडवतो हे मोजावेसे वाटले. जमिनीखालच्या पाटांसाठी तसे मोजमाप आजही व्हायचे आहे.

ट्राइप तंजावरात होता त्यानंतर तीन वर्षांनी, १८६१ मध्ये, पॅरिसमध्ये छायाचित्रकार नादारने कृत्रिम उजेडात छायाचित्रे काढण्याचे तंत्र पेटंटमध्ये नोंदवले आणि आधी तिथल्या भूगर्भातल्या अस्थिगृहांत, मग गटारांत कॅमेरा नेला. बॅटऱ्या वर रस्त्यावर ठेवायच्या, तारा मॅनहोलमधून खाली सोडायच्या आणि त्यांवर विजेचा दिवा पेटवायचा. एकेका चित्राला अठरा मिनिटांपर्यंत वेळ लागे. इतका वेळ कुठलाही माणूस निश्चल उभा राहू शकत नाही, म्हणून त्याने कामगारांच्या जागी कपडे घातलेले पुतळे उभे केले. एकदा शेवटच्या क्षणी सांडपाण्यातून वाफ उठली आणि सगळी मेहनत धुक्यात गेली.

ती वाफ आजही छायाचित्रकाराची पाठ सोडत नाही. बाहेर तंजावरचा एप्रिल, आत दमट हवा. वातानुकूलित खोलीतून आणलेल्या थंड भिंगावर तिथे लगेच दव बसते. कॅमेरा आतल्या हवेत काही वेळ उघडा ठेवून तिच्याइतका उबदार होऊ द्यावा लागतो आणि तोवर फक्त मोजमाप घेत बसायचे. मग तिपाई. तिचे पाय गाळात रुततात, त्यामुळे खाली सपाट फळीचे तुकडे घालतात. कॅमेऱ्याची झडप अर्धा मिनिट किंवा त्याहून जास्त वेळ उघडी ठेवायची आणि त्या वेळात दुसऱ्या माणसाने विजेरी हळूहळू भिंतीवरून, कमानीवरून फिरवायची. विजेरी कॅमेऱ्याच्या जवळून मारली तर ओली भिंत चकाकते आणि पोत हरवतो. तीच बाजूने, भिंतीला घासून जाईल अशी धरली, की प्रत्येक विटेची कड उमटते, चुन्यावर गवंड्याच्या थापीचे ओरखडे दिसतात. पाणी वाहते असेल तर झडप इतका वेळ उघडी राहिल्याने ते दुधाळ, गुळगुळीत दिसते. सुंदर दिसते खरे, पण पाण्याची पातळी कुठे आहे हे त्यात कळत नाही. म्हणून नोंदीसाठी एक चित्र झटकन घेतलेले असावे लागते. चौकटीत एक माणूस किंवा रंगवलेली मोजपट्टी हवी, कारण त्याशिवाय दीड फुटी मोरी आणि सहा फुटी बोगदा यांत फरक कळत नाही.

असे एखादे चित्र पडद्यावर मोठे करून पाहावे. जुन्या शहरातल्या मोरीच्या भिंतीवर साधारण गुडघ्याच्या उंचीला एक काळसर रेघ असते. तिथवर नेहमीचे पाणी राहायचे. तिच्या बरीच वर, फिकट आणि तुटक, दुसरी रेघ. तो पुराचा कमाल पल्ला. खालच्या विटा पातळ, चुन्यात बसवलेल्या, कडा झिजून गोल झालेल्या. मध्येच हातभर भागात विटा जाड आणि सांधे राखाडी, म्हणजे तिथे नंतर कधीतरी सिमेंटने डागडुजी झाली. कमानीतून पांढरे ओघळ उतरलेले असतात. पाणी चुन्यातून झिरपताना विरघळलेला चुनखडा मागे ठेवून जाते. छतातून केसांसारखी बारीक मुळे लोंबतात, तेव्हा वर रस्त्याच्या कडेला पिंपळ किंवा वड असणार हे नक्की. आणि कुठेतरी भिंत फोडून आत घुसवलेला प्लॅस्टिकचा नळ, त्याखाली काळा डाग. पावसाच्या स्वच्छ पाण्यासाठी बांधलेली वाट कधीपासून गटार झाली, त्याचा पुरावा त्या डागात आहे. हे सगळे मोडीतल्या कुठल्याच कागदात सापडणार नाही.

आता केवळ सुट्या चित्रांवर भागवायची गरज नाही. एकाच भिंतीची एकमेकांवर निम्म्याहून अधिक चढणारी चित्रे ओळीने घेतली, तर संगणक त्यांतून त्रिमिती प्रतिकृती बांधतो. तिच्यावर उतार मोजता येतो, बाक मोजता येतो, कुठे छत खचते आहे ते दिसते. ट्राइपने एकवीस छापे हाताने जोडले, त्याच कल्पनेचे हे आजचे रूप.

महाराष्ट्रात याच जातीची कामे आहेत आणि त्यांच्याकडे पाहिले की तंजावर अधिक नीट समजते. पुण्याला नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यात, कात्रजच्या तलावांतून शनिवारवाड्यापर्यंत बांधीव भुयारी नळाने पाणी आले आणि वाटेतले हौद भरू लागले. दोन तलाव एकापाठोपाठ एक. पहिल्यात गाळ बसतो, दुसऱ्यातून पाणी उचलले जाते. सेवप्पनायकन वारी आणि शिवगंगा या जोडीचे तत्त्वही तेच. नळावर ठराविक अंतराने उच्छ्वास बांधलेले आहेत. कोंडलेली हवा त्यांतून बाहेर पडते, पाण्याचा दाब आटोक्यात राहतो आणि साफसफाईसाठी माणूस आत उतरू शकतो. पुण्यात हे उच्छ्वास शोधत फिरणारे, त्यांची छायाचित्रे आणि नकाशे करणारे हौशी अभ्यासक आहेत, आणि त्यांच्यामुळेच शहराला आपल्या पायाखाली काय आहे याची थोडीफार जाणीव आहे. औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, मलिक अंबरची नहर याहून शंभराहून अधिक वर्षांनी जुनी. तिच्याही बाबतीत वाटेवरचे हवेचे मनोरे वाचले तिथे वाट सापडते, पाडले तिथे हरवते. तंजावरात अय्यनकुळमच्या वाटेवरच्या प्रत्येक झडपेचे आणि कूपाचे स्थान रस्त्यावर खुणेने दाखवले जावे, एवढे तरी पुण्याच्या अनुभवावरून शिकता येईल.

मुंबईची गोष्ट वेगळ्या कारणाने इथे आणावी लागते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा दक्षिण मुंबईतल्या ब्रिटिशकालीन कमानी पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने बांधलेल्या होत्या, आणि तोही भरतीची वेळ नसेल तर. त्या वाहिन्यांच्या पूर्ण तपासणीची आणि बदलाची योजना, 'ब्रिमस्टोवॅड', १९९३ पासून कागदावर होती. जमिनीखाली काय आहे हे ठाऊक असणे ही पुराच्या दिवशी जगण्यामरण्याची बाब होते. तंजावर जिल्ह्यालाही हे नवे नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये निशा चक्रीवादळात ओरत्तनाडु इथे २४ तासांत साडेसहाशे मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. ओरत्तनाडु म्हणजे तेच गाव, जिथे सरफोजींनी आपल्या प्रिय सहचारिणी मुक्तांबाळच्या नावाने प्रवाशांसाठी मोठे छत्र उभारले.

अशा गावांतल्या पाण्याचा विचार शहराहून वेगळा करावा लागतो. त्रिभुज प्रदेशातल्या खाचराला दोन वाटा असतात: पाणी आणणारा 'वाय्क्काल' आणि जादा पाणी काढून नेणारा 'वडिकाल'. जमीन इतकी सपाट की दुसरी वाट नसेल तर भात चार दिवसांत कुजतो. १९३४ मध्ये मेट्टूर धरणाबरोबरच ग्रँड अनिकट कालवा सुरू झाला. तो बृहदीश्वर मंदिराच्या जवळून जातो आणि लोक त्याला 'पुदु आरु', नवी नदी, म्हणतात. हा कालवा माळाच्या कडेकडेने नेलेला असल्यामुळे माळावरून उतरणाऱ्या जुन्या ओढ्यांना तो आडवा येतो. ओढ्यांना वाट देण्यासाठी कालव्याखालून मोऱ्या आणि सायफन बांधावे लागले. या मोऱ्यांची तोंडे झुडपांत दडलेली असतात, आणि त्यांतली एक तुंबली की वरच्या अंगाच्या गावात पाणी शिरते. जुन्या एऱ्यांमध्ये, म्हणजे सिंचनाच्या तलावांमध्ये, 'कुमिळी तूंबु' नावाची रचना दिसते. तलावाच्या पोटात दोन दगडी खांब, त्यांमध्ये उभी दांडी, तिच्या टोकाला दट्ट्या. दांडी उचलली की तळातल्या छिद्रातून पाणी बांधाखालच्या भुयारी नळात उतरते आणि पलीकडे शेतात निघते. उन्हाळ्यात एरी आटली की हे खांब एकटेच उभे दिसतात. वाटसरूला ती एखाद्या मोडक्या मंडपाची खूण वाटते.

गाळ काढण्याचे काम पूर्वी गावाचे असे. त्याला 'कुडिमरामत्तु' म्हणतात. मद्रास सरकारने १८५८ मध्येच त्यासाठी कायदा केला, ज्याने संकटकाळी बांध आणि पाट वाचवायला गावकऱ्यांचे श्रम सक्तीने घेता येत. तामिळनाडू सरकारने काही वर्षांपूर्वी याच नावाने शेतकऱ्यांच्या सहभागाची योजना पुन्हा सुरू केली. मेट्टूर उघडण्याआधीच्या एप्रिल-मे महिन्यांत जिल्हाभर पाट उपसले जातात. कॅमेरा घेऊन फिरणाऱ्याने या लोकांबरोबर फिरावे. कुठल्या मोरीत किती खोल जाता येते, कुठे छत कच्चे आहे, कुठे नाग राहतो, हे त्यांच्याइतके कुणालाच माहीत नसते.

जगभर शहरी भुयारे धुंडाळणाऱ्यांची मंडळे आहेत. मेलबर्नच्या तरुणांनी १९८६ मध्ये 'केव्ह क्लॅन' स्थापन केली आणि तिचा पहिला नियम असा की पाऊस असेल तर पर्जन्यवाहिनीत पाऊल टाकायचे नाही. हा नियम तंजावरात दुप्पट कडक करायला हवा, कारण पाऊस शहरात नसला तरी वल्लमच्या माळावर असू शकतो. जपानने दुसरा मार्ग काढला. टोकियोजवळ कासुकाबे इथे पुराचे पाणी वळवण्यासाठी बांधलेली भूमिगत वाहिनी २००६ मध्ये पूर्ण झाली. तिची १७७ मीटर लांब, ७८ मीटर रुंद टाकी ५९ प्रचंड खांबांवर उभी आहे आणि पाणी नसेल तेव्हा लोकांना मार्गदर्शकासह ती दाखवली जाते. लोकांनी चोरून उतरण्यापेक्षा प्रशासनानेच दार उघडावे, हे शहाणपणाचे आहे.

धोका मात्र फक्त पुराचा नाही. पावसाच्या वाटेत सांडपाणी मिसळले की आत हायड्रोजन सल्फाइड साचतो. कुजक्या अंड्यासारखा वास हा त्याचा इशारा, पण हवेत तो दशलक्षांत शंभर भागांच्या आसपास गेला की थोड्याच वेळात नाकाला वास येणेच बंद होते. वास गेला म्हणजे धोका टळला, असे समजणारा माणूस तिथेच कोसळतो. त्याला वाचवायला उतरलेला दुसरा आणि मग तिसराही. मिथेनचा स्फोट होऊ शकतो. साध्या हवेत २०.९ टक्के प्राणवायू असतो, तो १९.५ च्या खाली गेला की आत थांबायचे नाही. वायुमापक यंत्र, वर उभा असलेला जोडीदार, लेखी परवानगी आणि किमान दोन उघडी झाकणे यांपैकी काहीही कमी असेल तर कॅमेरा बाहेरच ठेवावा. मोठे देऊळ आणि त्याचा परिसर पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, तिथे तर परवानगीशिवाय दगडही हलवता येत नाही.

छंद म्हणून आत उतरणाऱ्याला निवड असते. पोटासाठी उतरणाऱ्याला ती नव्हती. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवण्यास बंदी केली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाखांची भरपाई ठरवली आणि २०२३ मध्ये ती तीस लाख केली. तरी मृत्यू थांबलेले नाहीत, आणि १९९३ पासूनच्या सरकारी नोंदींत तामिळनाडूची संख्या देशात सर्वांत मोठ्यांत आहे. भुयाराच्या सौंदर्यावर लिहिताना ही माणसे चौकटीबाहेर राहता कामा नयेत. त्यांना शहराच्या पोटातला प्रत्येक सांधा पाठ असतो, आणि तो कुणी त्यांना विचारून लिहून घेतलेला नसतो.

यंत्राने उतरावे, माणसाने नव्हे, हा बदल त्रिभुज प्रदेशात सुरू झाला आहे. तंजावर जिल्ह्यातल्याच कुंभकोणममध्ये मॅनहोल साफ करणारा 'बँडिकूट' यंत्रमानव आणला गेला. केरळमधल्या तरुण अभियंत्यांनी तो बनवला. त्याचा एक भाग खाली उतरतो, त्याला हात आहे, उजेड आहे आणि कॅमेरे आहेत. चालवणारा वर पडद्यासमोर उभा राहतो. मोठ्या शहरांत चाकांवरचे कॅमेरे नळातून सोडून भेगा शोधतात. हे चित्रण काम झाले की बहुतेक वेळा पुसले जाते किंवा ठेकेदाराच्या संगणकात पडून राहते. कुठल्या मोरीत, कुठल्या तारखेला, पाणी कुठवर होते, वीट कोणत्या काळाची, डागडुजी कुठे, एवढ्या पाच गोष्टी त्याला जोडून सरस्वती महालासारख्या संस्थेत किंवा पालिकेच्या अभिलेखात ठेवले, तर तेच शहराचे नवे मोडी दफ्तर होईल. अय्यनकुळमच्या वाटेपासून त्याची सुरुवात करता येईल. ती वाट पुन्हा तुंबली तर कुठे खणायचे हे शोधण्यासाठी मेल वीथीचा रस्ता टोकापासून टोकापर्यंत फोडावा लागणार नाही.